जिभाऊ आणि टाकीची पलीकडची बाजू

मी लॅबमध्ये रुजू झाले त्या दिवशी जिभाऊंनी माझ्या हातात एक फिल्म ठेवली, व्ह्यूअरचा दिवा लावला आणि विचारलं, "ताई, काय दिसतं?"

गॅमा किरणांनी काढलेली ती वेल्डिंगच्या जोडाची फिल्म होती. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाले असले तरी अशी फिल्म मी पहिल्यांदाच पाहत होते. मधोमध राखाडी पट्टा, बाकी काही नाही. बराच वेळ डोळे ताणून झाल्यावर मी म्हटलं, "चांगला आहे जोड."

"चांगला आहे असं कुठं लिहिलंय त्यात?"

"म्हणजे... काही दोष दिसत नाही."

"हां. मग तसं म्हणा. दोष दिसत नाही. चांगला आहे हे बनवणाऱ्याला म्हणू द्या. आपण जे दिसलं ते लिहायचं. जे नाही दिसलं ते नाही दिसलं म्हणून लिहायचं. त्याच्या पुढं एक शब्द नाही."

नव्वदीची सुरुवात होती ती. अंबड एमआयडीसीत आमची लहानशी लॅब होती: एक ऑफिस, एक डार्करूम आणि मागे जाड भिंतींची एक खोली. कारखान्यातले बॉयलर, टाक्या, पाइप न कापता, न फोडता आतून तपासून द्यायचे, हे आमचं काम. जिभाऊ गॅमा किरणांचा कॅमेरा घेऊन कारखान्यात जायचे, फिल्म काढायचे. मी त्या धुवायचे, सुकवायचे आणि ते सांगतील तसा रिपोर्ट टाइप करायचे.

त्यांचं नाव एकनाथ देवरे. मूळचे सटाण्याकडचे. बागलाणात मोठ्या भावाला मानानं जिभाऊ म्हणतात, आणि ते वयानं सगळ्यांत मोठे म्हणून लॅबमध्ये शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना जिभाऊच म्हणत. उंच, काटक, गालफडं बसलेली. बाराही महिने अंगात हाफ स्वेटर, कारण डार्करूममधल्या गारव्यानं म्हणे त्यांची हाडं कायमची थंड झाली होती. बोलायचे सगळ्यांसारखं मराठी, पण मन थाऱ्यावर नसलं की तोंडून अहिराणी यायची. सकाळी आल्या आल्या "काय चाली ऱ्हायनं?" असं त्यांनी विचारलं की आज वहिनींशी भांडण झालेलं आहे हे आम्ही ओळखायचो.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र फार कडक. कॅमेरा उघडायच्या आधी दोरी बांधून जागा मोकळी केलेली असायची, आणि त्या दोरीच्या आत मालकाचा बाप आला तरी ते त्याला हात धरून बाहेर काढायचे. एकदा एका कारखान्याचे डायरेक्टर मोबाइलवर बोलत बोलत दोरी ओलांडून आले. तेव्हा मोबाइल नवीन होते. जिभाऊंनी काम थांबवलं आणि मोजपट्टीनं जमिनीवर टकटक केलं. "साहेब, फोन महत्त्वाचा असेल. पण तुम्हाला मुलंबाळं आहेत." डायरेक्टर मागे फिरले.

फिल्मच्या कॅसेटच्या पाठीला ते न चुकता एक शिशाचं अक्षर चिकटवायचे, इंग्रजी बी. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "किरण पुढं जातात, तसे मागच्या भिंतीवर आपटून परतही येतात. परत आलेले फिल्म खराब करतात. फिल्मवर हा बी उमटला तर समजायचं, मागून फार आले, फिल्म बाद." अशा बाद फिल्म बऱ्याच निघत. परत येणारा किरण म्हणजे आमच्या धंद्यात नुसती कटकट होती.

आता ते सांगते, ज्यानं जिभाऊ बदलले.

सातपूरच्या एका कारखान्यात लोखंडाला जस्ताचा मुलामा द्यायचं काम चालायचं. त्याआधी लोखंड ॲसिडमध्ये बुडवून साफ करतात. ते ॲसिड साठवायची फायबरची एक उंच टाकी होती, जुनी झालेली. तिच्या तपासणीसाठी आम्हाला बोलावणं आलं. फिल्म काढायची तर किरण एका बाजूनं सोडायचा आणि फिल्म पलीकडच्या बाजूला धरायची, एवढी साधी गोष्ट. पण पलीकडची बाजू म्हणजे टाकीच्या आतली, आणि आत गळ्यापर्यंत ॲसिड. टाकी रिकामी करून द्या, असं जिभाऊंनी सांगितलं. मॅनेजर म्हणाला, ऑर्डर पडल्या आहेत, दिवाळीनंतर बघू.

तिथला ऑपरेटर रंगनाथ नावाचा माणूस होता, निफाडकडचा. त्यानंच शिडी धरली, त्यानंच चहा आणून दिला. निघताना त्यानं जिभाऊंना विचारलं, "साहेब, टाकी ठीक हाय ना?"

"एका बाजूनं कळत नाही, बाबा."

रंगनाथ हसून म्हणाला, "आमाला तर रोज एकाच बाजूनं दिसते."

हे जिभाऊंनी मला त्याच दुपारी सांगितलं होतं, गंमत म्हणून. मग रिपोर्ट सांगितला आणि मी टाइप केला: टाकी रिकामी केल्याशिवाय तपासणी शक्य नाही. जे नाही दिसलं ते नाही दिसलं म्हणून लिहिलं. सही, शिक्का, फाइल.

तीन आठवड्यांच्या आत ती टाकी खालच्या अंगाला फाटली. रंगनाथ तिच्यासमोर उभा होता.

तो अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होता. ते अकराही दिवस जिभाऊ लॅब सुटल्यावर तिथे जायचे. एकदा मीही गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रंगनाथची बायको सुमन बसली होती. पदर तोंडावर, पायाशी पाण्याची बाटली. तिनं जिभाऊंना विचारलं, "तुम्ही रोज येता. तुम्ही यांचे कोण?"

"मी टाकी बघायला आलो होतो."

"मग काय दिसलं व्हतं?"

इतकी वर्षं झाली, त्या बाईच्या आवाजात राग नव्हता हे मला अजून आठवतं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. जिभाऊ उभे राहिले, परत बसले. बाराव्या दिवशी रंगनाथ गेला.

चौकशी झाली. आमचा रिपोर्ट मागवला गेला, आणि त्यात आमचा काही दोष निघाला नाही. साहेबांनी सगळ्यांसमोर जिभाऊंच्या पाठीवर थाप मारली. "असा स्वच्छ रिपोर्ट लिहावा तर जिभाऊंनी!" त्या दिवशी जिभाऊंनी डबा उघडलाच नाही. चार वाजता डार्करूमच्या दारात येऊन मला म्हणाले, "ताई, तो कागद बरोबर होता. मी लिहिला आणि निघून आलो."

"तुम्ही आणखी काय करणार होतात?"

"तेच तर माले ठाऊक नही," ते म्हणाले.

त्यानंतर काही महिने असेच गेले. मग एके दिवशी एक बाद फिल्म घेऊन माझ्याकडे आले. तिच्यावर तो बी ठळक उमटला होता. म्हणाले, "ताई, हे परत येणारे किरण आपण फेकून देतो. पण ते भिंतीला लागून येतात. भिंतीच्या आतपर्यंत जाऊन येतात. मग भिंत कशी आहे ते त्यांना माहीत असणार ना?"

मी कॉलेजात शिकलेलं आठवून म्हटलं, असतं तसं. जिथं माल भरीव तिथून जास्त किरण परततात, पोकळ असेल तिथून कमी.

"म्हणजे पलीकडं जायची गरज नही," ते म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड दिसला.

परदेशात यावर मोठमोठी यंत्रं तयार होत होती, हे आम्हाला पुढे एका मासिकातून कळलं. जिभाऊंनी आपलं यंत्र मात्र स्वतःच बनवायला घेतलं. भंगारातून शिसं आणलं आणि घरामागच्या अंगणात ते वितळवून त्याचे ठोकळे ओतले. वहिनींनी आठवडाभर अबोला धरला, कारण त्यासाठी त्यांचं पापडाच्या पिठाचं पातेलं वापरलं गेलं होतं. किरण मोजणारा स्फटिक बंद पडलेल्या एका प्रयोगशाळेतून मिळाला. किरणांसाठी लॅबकडे परवान्यानं असलेला एक लहान स्रोत होता. तो वापरायची परवानगी साहेबांनी दिली, आधी हसून आणि मग कंटाळून. शिशाच्या ठोकळ्यात दोन तिरप्या नळ्या होत्या. एकीतून किरण जायचा, दुसरीतून परत आलेला मोजला जायचा. दोन्हींच्या रेषा भिंतीच्या आत जिथं मिळतील, नेमकं तिथलंच कळायचं. मग ठोकळा बोटभर सरकवायचा आणि पुन्हा मोजायचं.

चित्र काढायला कॉम्प्युटर नव्हता. एक मिनिट मोजायचं, आकडा लिहायचा, सरकवायचं. संध्याकाळी ते आकडे घेऊन जिभाऊ आलेखाच्या कागदावर बसायचे आणि एकेक चौकोन पेन्सिलीनं भरायचे. कमी आकडा असेल तिथं गडद, जास्त असेल तिथं फिकट. पेन्सिलीच्या सहा-सात छटा त्यांनी बोटांत बसवल्या होत्या. चौकोनाची रेघ कधी ओलांडली नाही त्यांनी.

यंत्र चालतं की नाही हे बघायला ते मला म्हणाले, "बादलीत वाळू भरा. आत काहीतरी लपवा. मला सांगू नका." मी घरून नारळाची अर्धी करवंटी नेली आणि वाळूत बादलीच्या कडेशी पालथी पुरली, आत पोकळी राहील अशी. शनिवार होता, एमआयडीसीला सुट्टी. दिवसभर ते ठोकळा सरकवत राहिले, मी आकडे लिहीत राहिले. पाचच्या सुमाराला कागदावर एक गडद वाटोळी सावली उमटली, वरून घुमटासारखी, खाली सपाट. जिभाऊंनी कागद लांब धरला, मान वाकडी करून पाहिलं.

"वाटी?"

मी मानेनंच नाही म्हटलं.

"वाटी नही. वाटीची कड इतकी वाकडी नसते." मग ते एकदम मोठ्यानं हसले. "अहो ताई, करवंटी! करवंटी लपवली तुम्ही!"

ते असे हसलेले मी फार थोड्या वेळा पाहिले. तो कागद त्यांनी मला दिला. माझ्याकडे आहे.

या सगळ्यात चार-पाच वर्षं गेली. नवं शतक लागलं होतं. लॅबमध्ये कॉम्प्युटर आला, साहेबांचे केस पांढरे झाले, आणि एका दुसऱ्या कारखान्यातून तसंच काम आलं: ॲसिडची फायबरची टाकी, भरलेली. यावेळी जिभाऊ आपलं यंत्र घेऊन गेले, मीही बरोबर होते. दोन दिवस मोजणी चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी चित्र तयार झालं. जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, परातीएवढा एक गडद डाग. बाकी टाकी एकसारखी, आणि तिथंच काहीतरी वेगळं.

जिभाऊंनी ते मॅनेजरला दाखवलं. तरुण माणूस होता, उद्धट नव्हता. त्यानं कागद नीट पाहिला आणि विचारलं, "देवरेसाहेब, हे पेन्सिलीनं काढलंय?"

"आकडे यंत्राचे आहेत."

"ही पद्धत कुठल्या कोडमध्ये आहे? कोणी मान्य केलीय? मी वरती काय सांगू? हाताने रंगवलेल्या चित्रावरून प्लान्ट बंद केला?"

त्याचंही खोटं नव्हतं. जिभाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला. मला वाटलं, आता निघायचं. पण त्यांनी कोपऱ्यातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, त्या टाकीसमोर, त्या डागाच्या बरोबर समोर आणून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"हे काय?" मॅनेजर म्हणाला.

"टाकी रिकामी होईपर्यंत मी इथं बसतो. तुमच्या माणसांना दुसऱ्या दारानं जाऊ द्या."

मॅनेजरनं समजावलं, चिडला, आमच्या साहेबांना फोन केला. साहेब धावत आले. "जिभाऊ, रिपोर्ट द्या आणि चला. डाग दिसला म्हणून लिहा, आपली जबाबदारी संपली."

"ती मागच्या वेळीच संपली होती, साहेब," जिभाऊ म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तरी माणूस गेला."

मी दाराशी उभी होते. ती टाकी फुटली तर पहिला थेंब कोणावर पडणार हे तिथल्या प्रत्येकाला दिसत होतं. कामगार हळूहळू गोळा झाले. कोणीतरी जाऊन त्यांना पाणी दिलं. मग एक वयस्कर फिटर मॅनेजरला म्हणाला, "साहेब, ते उठेपर्यंत आमी बी काम करत नाय." संध्याकाळ व्हायच्या आत टँकर बोलावला गेला आणि टाकी उपसायला सुरुवात झाली. शेवटचं ॲसिड निघेपर्यंत जिभाऊ खुर्चीवरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन, सुकवून आत माणूस उतरवला. जिभाऊंनी सांगितलेल्या जागी त्यानं बॅटरी मारली, ठोकून पाहिलं, घासून पाहिलं. मग वर येऊन म्हणाला, "जुना पॅच हाय. बनवतानाच मारलेला. माल वेगळा वापरलाय, पण एकदम पक्का."

दुसऱ्या कंपनीच्या माणसानंही येऊन तेच सांगितलं. टाकी धडधाकट होती. आकडे खरे होते, माल खरंच वेगळा होता. पण वेगळा म्हणजे कच्चा, हे जिभाऊंनी धरून चाललं होतं. दिसलं त्याच्या पुढं त्यांनी एक शब्द घातला होता, आयुष्यात पहिल्यांदा.

मॅनेजर जे बोलला ते मी लिहीत नाही. आमचे साहेब खाली मान घालून ऐकत होते. मी जिभाऊंकडे पाहिलं, मला वाटलं ते कोसळतील. ते टाकीवर तळहात ठेवून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं ताई, मी चुकलो. कोणाला काही होणार नव्हतं."

आठवड्याभरात साहेबांनी त्यांना निरोप दिला. गिऱ्हाईक गेलं होतं, आणि ही बातमी अंबड-सातपूरभर झाली होती. यंत्राचं शिसं भंगारात गेलं. जायच्या दिवशी जिभाऊंनी डार्करूमचे ट्रे स्वतः धुतले, पालथे घातले आणि मला म्हणाले, "डेव्हलपर बदला, जुना झालाय." बाकी काही नाही. मी त्यांच्या बाजूनं साहेबांशी एक शब्द बोलले नाही. मला नोकरी हवी होती. ते त्यांनाही कळत होतं, आणि त्यांनी त्याबद्दल मला कधी काही म्हटलं नाही.

त्यांना भेटायला कोणी गेलं नाही. म्हणजे लॅबमधून बाकी कोणी नाही. काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा ओट्यावर सुमन बसलेली होती, रंगनाथची बायको. निफाडहून एसटीनं आली होती. कामगारांकडून तिच्या कानावर गोष्ट गेली होती. वहिनी तिला चहा देत होत्या. जिभाऊ तिच्यासमोर पोरासारखे खाली बघत बसले होते.

"सुमनबाई, ती टाकी चांगली निघाली. मी चुकलो," ते म्हणाले.

"असू द्या चुकले तर," ती म्हणाली. "तुम्ही बसले ना तिथं. आमच्या यांच्यापुढं कुणीच बसलं नव्हतं."

चहा पिऊन ती चारच्या एसटीनं परत गेली. जाताना तिनं पिशवीतून आणलेली मेथीची जुडी वहिनींच्या हातात दिली.

पुढची काही वर्षं जिभाऊ एका लहान वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळत होते. मी अधूनमधून जायचे. किरणांचा विषय ते काढत नसत. मग खोकला सुरू झाला, वजन उतरलं. आम्हा सगळ्यांच्या छातीला लावलेल्या बिल्ल्यांवर वर्षानुवर्षं किरणांची मोजदाद होत असे. ते तक्ते मीच ठेवत होते, आणि जिभाऊंचा आकडा कधीच मर्यादेबाहेर गेलेला नव्हता. तरी मी एका सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये जाऊन त्यांचे सगळे तक्ते पुन्हा तपासले. काही सापडलं नाही. आजार कशानं झाला ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये त्यांचा एक्स-रे काढायचा होता त्या दिवशी वहिनींनी मला बोलावून घेतलं. फिल्मचा लिफाफा हातात आला. डॉक्टर यायला वेळ होता. जिभाऊंनी लिफाफा मागितला. वहिनी नको म्हणाल्या. त्यांनी हात पुढेच धरला. मग खिडकीच्या उजेडात त्यांनी स्वतःच्या छातीची फिल्म धरली, दोन्ही हातांनी कडांना धरून, बोटाचा ठसा उमटणार नाही अशी. शांतपणे वरपासून खालपर्यंत पाहिली. उजव्या बाजूला एका जागी थांबले.

"आठे शे," ते म्हणाले, म्हणजे इथं आहे.

मी म्हटलं, "जिभाऊ, ते डॉक्टरांना बघू द्या."

"बघू द्या की. दिसतंय तेवढं सांगितलं." आणि फिल्म लिफाफ्यात सरळ घालून त्यांनी वहिनींकडे दिली.

डॉक्टर आले, बोलले, औषधं लिहून दिली. आम्ही खाली आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रिक्षाची पायरी चढायला त्यांना जमेना. रिक्षावाला धिप्पाड होता. त्यानं खाली उतरून दोन्ही हातांनी त्यांना अलगद उचललं आणि सीटवर बसवलं. जिभाऊ ओशाळले. "तुम्हाला उगाच त्रास," असं म्हणून त्यांनी त्याला गाव विचारलं. तो म्हणाला, देवळा. "मग तर आपल्याकडचेच," जिभाऊ म्हणाले, आणि दोघांची अहिराणी सुरू झाली. पाऊस कसा शे, मका कसा शे. वहिनी दुसऱ्या बाजूनं चढल्या. आयुष्यभर त्यांच्यावर करवादत आलेल्या, लोकांत त्यांच्याशेजारी कधी नीट न बसलेल्या त्या बाईंना मी इतकी वर्षं ओळखत होते.

मी हॉस्पिटलच्या फाटकाशीच थांबले. रिक्षा वळून रस्त्याला लागली. जिभाऊंनी तोल जाऊ नये म्हणून बाजूची दांडी धरली होती. त्यांचा हात बाहेरून मला दिसत होता, हाडकुळा, शिरा वर आलेला. सिग्नलला रिक्षा थांबली. तेवढ्यात आतून वहिनींचा हात आला आणि त्या हातावर येऊन बसला, हिरव्या बांगड्यांसकट. दोघांपैकी कोणीही मागे वळून पाहिलं नाही. सिग्नल सुटला, मध्ये एक बस आली, आणि बस गेली तेव्हा रिक्षा पुढे निघून गेली होती.